फुगवावयाच्या होडीची निवड

नदीवर गळ टाकून बसण्याचा छंद ज्या तरुणास जडतो, त्याला लवकरच असें दिसून येतें कीं, कांठावरून फेंकलेला गळ मधल्या डोहापर्यंत पोंचत नाहीं. मग होडी हवीशी वाटूं लागते. लांकडी होडी घ्यावी, तर ती शहरांतल्या घरांत ठेवावी कोठें आणि नदीपर्यंत न्यावी कशी? अशा वेळीं पिशवींत मावणारी व नदीवर गेल्यावर हवा भरून फुगवावयाची होडी मनांत भरते. मोबाइलच्या पडद्यावर असल्या होड्यांचीं चित्रें शेंकड्यांनीं दिसतात. एकीची किंमत पायांतल्या जोड्याएवढी, तर दुसरीची दुचाकीएवढी. चित्रांत मात्र दोघीहि सारख्याच फुगलेल्या व सारख्याच सुंदर!

मुलानें ही गोष्ट घरांत काढली म्हणजे वडील मंडळी एक तर ‘हें खूळ नको’ असें म्हणून विषय संपवितात, नाहीं तर ‘घे बाबा’ म्हणून पैसे काढून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच अविचाराचे आहेत. पहिल्या मार्गानें मुलगा मित्राची उसनी होडी घेऊन घरीं न सांगतां जातो. दुसऱ्या मार्गानें तो खेळणें घेऊन खोल पाण्यावर जातो. ज्या घरांतील मुलगा पाण्यावर जाणारच, त्या घरांतील वडिलांनीं होडी कशी पारखावी हें समजून घेणें जरूर आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मासा निषिद्ध आहे, आणि कोंकणपट्टींतील कित्येकांच्या घरीं तो नित्याचें अन्न आहे, हें आम्ही जाणतों. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. मासा गळाला लागतांच तो हलक्या हातानें सोडवून पुनः पाण्यांत सोडून देणारेहि आतां पुष्कळ आहेत. पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील ज्या महसीर माशाचें वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध करून त्याला ‘खुद्री’ हें देशी बोलींतलें नांव दिलें, तो मासा आपल्या नद्यांतून विरळ झाला आहे. तो गळाला लागल्यास सोडून देणेंच योग्य, असें आम्हांसहि वाटतें. असो. मासा घरीं आणा वा सोडून द्या. माणूस घरीं परत आला पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं.

नवी वस्तु, जुनी युक्ति

हवेच्या आधारानें पाणी तरून जाण्याची युक्ति कोणा कारखानदारानें काल-परवां शोधून काढलेली नाहीं. पोहणें शिकणाऱ्या मुलाच्या अंगाला आपल्याकडे सुके भोपळे बांधीत. भोपळ्यांच्या त्या जोडणीला सांगड म्हणत. कौटिल्यानें सैन्याला नदी पार करण्याचीं साधनें सांगतांना नौकेच्या जोडीला भोपळा, चामडें मढविलेली टोपली आणि ‘दृति’ म्हणजे फुगविलेली पखाल यांचीहि गणना केली आहे. असुरियाच्या राजवाड्यांतून आणलेल्या व आतां ब्रिटिश म्यूझियममध्यें असलेल्या, इ. स. पूर्व नवव्या शतकांतील शिलाचित्रांत फुगविलेल्या कातड्यांना कवटाळून नदी पोहून जाणारे पुरुष कोरलेले आहेत. आजहि आपल्या धरणांच्या जलाशयांवर मोटारीच्या मोठ्या चाकाची रबरी ट्यूब फुगवून तिच्यावर बसून जाळीं टाकणारे मच्छीमार बांधव दृष्टीस पडतात.

परंतु जिला खऱ्या अर्थानें घडीची होडी म्हणावें, ती एकोणिसाव्या शतकांतली. सर जॉन फ्रँकलिन यांच्या १८१९ ते १८२२ च्या उत्तर कॅनडांतील सफरींत, जड होड्या वाहून नेणें अशक्य होऊन त्या वाटेंत टाकून द्याव्या लागल्या. पुढें १८२१ मध्यें कॉपरमाइन नदी आडवी आली, तेव्हां ती ओलांडण्यास साधन नाहीं म्हणून उपाशी माणसें दिवसानुदिवस कांठावर अडकून पडलीं. त्या सफरींतील २० जणांपैकीं ११ जण परत आले नाहींत. ही हकीकत मनांत बाळगून ब्रिटिश आरमारांतील लेफ्टनंट पीटर हॅलकेट यानें पुढें १८४० नंतरच्या दशकांत रबर लावलेल्या कापडाचा एक झगा केला. अंगावर असतां तो पावसाळी झगा. भात्यानें हवा भरली कीं एका माणसाची होडी. हातांतल्या काठीचें वल्हें आणि छत्रीचें शीड! हॅलकेटच्या पद्धतीची होडी जॉन रे या संशोधकानें १८४६ च्या आपल्या उत्तरेकडील प्रवासांत वापरली, आणि तसली एक होडी स्कॉटलंडच्या ऑर्कने बेटांतील स्ट्रॉमनेस येथील संग्रहालयांत पाहावयास मिळते.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, त्यांतच आमच्या विषयाचें मर्म आहे. होडी हलकी केली गेली ती जमिनीवरून वाहून नेण्यासाठीं. हलकेपणा हा खांद्याच्या सोयीचा गुण आहे. पाण्यावर गेल्यावर तोच गुण कित्येक वेळां दोष ठरतो. अर्धी मात्रा वांचली तरी हर्ष मानणाऱ्या वैयाकरणांचें लाघव सूत्राला शोभतें. होडींतलें लाघव मात्र कोठें वांचविलें आहे, हें तपासूनच घ्यावें लागतें. म्हणून वजनाचा आंकडा पाहून निवडीस आरंभ करूं नये. आधीं तीन प्रश्न विचारावे, आणि ते याच क्रमानें.

पहिला प्रश्न : फुटली तर काय उरतें?

हा प्रश्न आमचा नव्हे. आमच्या पुतण्यानें घरांत होडीची गोष्ट काढली, तेव्हां कोणी रंगाविषयीं विचारलें, कोणी किंमतीविषयीं. नव्वदी ओलांडलेल्या आमच्या मातोश्री इतका वेळ वाती वळीत स्वस्थ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाळ, फुगाच ना तो? मग फुटला म्हणजे काय उरतें, तेवढें मला सांग.” सर्व मंडळी हंसली, परंतु आम्ही शाळेंत पुष्कळ वर्षें आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकविलेला असल्यामुळें, या प्रश्नाहून शास्त्रशुद्ध प्रश्न दुसरा नाहीं हें आमच्या तत्काळ ध्यानांत आलें.

वाचकांनीं हें लहानसें गणित करून पाहावें. होडीच्या भोंवतालची हवेची नळी ३० सेंटिमीटर व्यासाची आहे आणि तिची लांबी, होडीभोंवतीं मोजली असतां, ५ मीटर भरते असें समजूं. नळीचें घनफळ सुमारें ०.३५ घनमीटर, म्हणजे ३५० लिटर झालें. तितक्या पाण्याचें वजन ३५० किलो. म्हणून पूर्ण बुडेपर्यंत ती नळी ३५० किलोंचा भार तोलून धरील. बसणारा ७० किलोंचा, सामान १५ किलोंचें आणि होडी स्वतः १५ किलोंची. एकूण १०० किलो. येथवर सर्व ठीक. आतां नळीचे दोन सारखे व स्वतंत्र कप्पे असून त्यांपैकीं एक फुटला, तर १७५ किलोंचा आधार शिल्लक राहतो. होडी वांकडी होईल, पाणी आंत येईल, पण धरून राहण्यास कांहींतरी उरेल. तीच नळी एकसंध असेल तर बाकी शून्य.

याच गणितांतून दुसरीहि एक गोष्ट निघते. त्याच होडींत ७० किलोंचा दुसरा गडी बसला तर भार १७० किलो होतो, आणि एक कप्पा गेल्यावर उरणारा आधार १७५ किलो! अवघ्या ५ किलोंच्या फरकावर दोन जीव लोंबकळणार. यास्तव वेष्टनावर ‘दोघांसाठीं’ असें छापलेलें असलें, तरी मासेमारीचें सामान घेऊन जातांना ती एकाचीच होडी समजावी. स्वतंत्र कप्पे निदान दोन, शक्य तर तीन असावे, आणि होडीचा तळ हवेचा असल्यास तो कप्पा आणखी निराळा असावा.

कापडाचा प्रश्नहि येथेंच येतो. स्वस्त होड्या नुसत्या पीव्हीसीच्या पातळ पत्र्याच्या, म्हणजे जलतरण-तलावांतील खेळण्यांच्या जातीच्या असतात. त्यांत धागा मुळींच नसतो. एकदां चीर पडली कीं ती पसरत जाते. खरी होडी पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडावर पीव्हीसीचा लेप देऊन केलेली असते. आंतला धागा चीर अडवून धरतो. नायलॉनच्या कापडावर टीपीयूचा लेप दिलेलें कापड त्याहून पुष्कळ हलकें व चिवट असतें, पण महाग असतें. दुकानांत होडीची कड बोटांत धरून पाहावी. विणीच्या उभ्या-आडव्या रेषा दिसल्या तर पुढें बोलावें; कांचेसारखें नितळ, ताणलें कीं लांबणारें कापड दिसलें तर ती वस्तु नातवंडांसाठीं ठेवून द्यावी. चांगल्या होडीवर किती माणसें व किती भार हें सांगणारी पट्टी असते. फुगवावयाच्या होड्यांसाठीं ‘आयएसओ ६१८५’ हें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्याचा उल्लेख आहे कीं नाहीं तेंहि पाहावें.

दुसरा प्रश्न : वाहणार कोण, आणि किती दूर?

आतां वजनाकडे वळूं. स्थूलमानानें असल्या होड्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पॅकराफ्ट नांवाच्या, टीपीयूच्या, एका माणसाच्या होड्यांचा. वजन २ ते ४ किलो. डोंगर उतरून दरींतल्या नदीवर जाणाऱ्यासाठीं याहून सोयीचें साधन नाहीं. परंतु यांतील बहुतेकांची मुख्य नळी एकसंधच असते, हें पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत विसरूं नये. दुसरा वर्ग पीव्हीसीच्या कापडाच्या व हवेच्या तळाच्या होड्यांचा. १० ते २५ किलो. तिसरा वर्ग लांकडी अथवा ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ असलेल्यांचा. ३० किलो व त्याहून अधिक. ही होडी दोघांनीं उचलावी लागते, आणि मोटार अगदीं पाण्यापर्यंत जात असेल तरच ती घेण्यांत अर्थ आहे.

जाहिरातींत दिलेलें वजन बहुधा नुसत्या होडीचें असतें. त्यांत पंप, वल्हीं, लाइफ जॅकेट, गळाची काठी, पिण्याचें पाणी व शिदोरी मिळविली म्हणजे ८ किलो सहज वाढतात; चार किलोंची नाव नदीवर पोंचेपर्यंत बारा किलोंची होते. परतीच्या वेळीं ओली होडी आणखी जड. आम्ही एक साधी परीक्षा सुचवितों. एकंदर वजनाइतके गहूं गोणपाटांत भरून ती गोणी पाठीवर घ्यावी आणि पुण्याच्या वाचकानें पर्वतीच्या, इतरांनीं आपापल्या गांवच्या टेंकडीच्या पायऱ्या एकदां चढून उतराव्या. खालीं आल्यावर ज्या वजनाचा कंटाळा आला नसेल, तें आपलें वजन. ओझ्याचा कंटाळा आलेला माणूस पहिल्यांदां लाइफ जॅकेट घरीं ठेवतो, म्हणून ही परीक्षा क्षुल्लक समजूं नये.

तिसरा प्रश्न : कोणतें पाणी?

धरणाच्या फुगवट्याचें संथ पाणी निराळें आणि वाहती नदी निराळी. फुगवट्यावर मुख्य शत्रु वारा. हलकी होडी पाण्यांत फार थोडी बुडते. तिचें बाकीचें अंग वाऱ्याला शिडासारखें सांपडतें. सकाळीं आरशासारखें असलेलें पाणी दुपारीं वारा सुटला कीं लाटांनीं भरतें, आणि वल्हवणारा दमेपर्यंत वल्हवून जागच्या जागीं राहतो. असल्या पाण्यासाठीं लांबट आकाराची, तळाशीं लहानसा पंखा बसविलेली होडी घ्यावी. गोलाकार होडी प्रत्येक वल्ह्यागणिक तोंड फिरविते. जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे थकल्यावर तोच वारा परत आणून सोडतो.

वाहत्या पाण्यासाठीं आंखूड, रुंद व सहज वळणारी होडी बरी. पण होडी कितीहि चांगली असली तरी कांहीं जागा सर्वथा वर्ज्य होत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असतां, पडणारें पाणी खालीं उलटून पुनः बंधाऱ्याकडे खेंचतें. त्या भोंवऱ्यांत सांपडलेली हलकी वस्तु तेथेंच गरगरत राहते. म्हणून बंधाऱ्याच्या वर व खालीं दोन्ही बाजूंस दूर राहावें. सांगलीकडची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री या नद्यांत मगरी आहेत. तेथें हवेच्या होडीचें नांवहि काढूं नये. धरणाच्या खालच्या पात्रांत पाणी कोणत्याहि वेळीं सोडलें जातें. २०१४ च्या जून महिन्यांत हिमाचल प्रदेशांतील बियास नदीच्या पात्रांत उतरलेले हैदराबादकडचे २४ विद्यार्थी, वरच्या धरणांतून एकाएकीं सोडलेल्या पाण्यानें वाहून गेले. आणि ते तर होडींतहि नव्हते, खडकांवर उभे होते. भोंगा ऐकूं आला अथवा पाणी गढूळ होऊन चढूं लागलें, कीं मासा गळाला असला तरी दोरी कापून कांठ गांठावा. पावसाळ्यांत तर पिशवीची गांठच सोडूं नये.

गळासाठीं म्हणून कांहीं विशेष

गळ म्हणजे पोलादी कांटा, आणि होडी म्हणजे हवा. या दोघांचें सख्य घडवावयाचें असल्यास कांहीं सोयी लागतात. तळ कडक असावा. वरचें व खालचें कापड हजारों धाग्यांनीं एकमेकांशीं जोडलेला तळ हवा भरल्यावर फळीसारखा ताठ होतो. नुसत्या फुगीर तळावर गुडघा रुततो व तोल जातो. बैठक सरकणारी नसावी. ज्या बाजूनें मासा वर ओढावयाचा, त्या बाजूच्या नळीवर जाड कॅनव्हासचा पट्टा अंथरावा. शिंगाळ्यासारख्या माशाच्या परांचे कांटे करवतीसारखे असतात. तसला मासा होडींत मोकळा तडफडूं देऊं नये. गळ झांकणाच्या डब्यांतच राहावे. कांठाला लागतांना बाभळीची सावली पाहून भुलूं नये. खालीं पडलेला एक कांटा दिवसाचा आनंद संपवितो.

नांगराविषयीं विशेष जपावें. संथ पाण्यांत वाळू भरलेली पिशवी पुरते. तिचा दोर होडीच्या टोंकाला बांधावा, बाजूला कधींहि बांधूं नये. बाजूला बांधलेली होडी प्रवाहाच्या जोरानें कलंडते. वेगाच्या पाण्यांत नांगर टाकूंच नये. धारदार चाकू अंगावर असावा, पिशवींत नव्हे. आणि मासा कितीहि मोठा वाटला तरी होडींत उभें राहूं नये.

घरीं आणल्यावर

होडी घरीं येतांच ती दिवाणखान्यांत फुगवून चोवीस तास तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशीं ती पिलपिली झाली, तर रिठ्याचा फेंस शिवणींवर व व्हॉल्व्हवर लावावा. बुडबुडे दिसतील तेथें दोष. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वींच हें करावें.

उन्हाचाहि हिशेब असतो. सकाळीं २७ अंशांच्या हवेंत भरलेली होडी दुपारीं खडकावर ४७ अंशांपर्यंत तापली, तर निरपेक्ष मापानें तपमान ३०० वरून ३२० वर गेलें, म्हणजे पंधराव्या हिश्शानें वाढलें. दाबहि तितकाच वाढणार. पण तो वातावरणाचा दाब धरून होणाऱ्या एकंदर दाबाच्या पंधराव्या हिश्शानें. त्यामुळें पंपानें भरलेला ०.२५ बार दाब सुमारें ०.३३ बार होतो, म्हणजे तृतीयांशानें चढतो. शिवणी उसवतात त्या अशा वेळीं. उलट थंड पाण्यांत होडी ढिली पडते. म्हणून पाण्यांत उतरविल्यावर पुनः थोडी हवा भरावी, आणि कांठावर काढतांच थोडी सोडावी. परत आल्यावर ती सावलींत पूर्ण वाळवावी, सैल गुंडाळावी आणि माळ्यावर न टाकतां बंद कपाटांत ठेवावी. उंदरांस पीव्हीसी व पॉलिएस्टर यांतील भेद कळत नाहीं.

आतां उरलें लाइफ जॅकेट. तें होडीबरोबर, त्याच दिवशीं, त्याच पैशांतून घ्यावें. आणि पैसे कमी पडत असतील तर होडी पुढच्या वर्षीं घ्यावी. पोहतां येणाऱ्यानेंहि तें अंगांत घालून बांधावें. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो, आणि अभयारण्यांतील पाण्यांत तर परवानगीवांचून गळहि टाकतां येत नाहीं. यास्तव आधीं विचारून जावें. कांठावरच्या मच्छीमारास विचारण्यांत दुसराहि लाभ आहे : त्या पाण्याचा स्वभाव त्याला ठाऊक असतो.

आमच्या पुतण्यानें शेवटीं पाठीवरची तीन किलोंची पॅकराफ्ट सोडून तीन कप्प्यांची, कापडी पीव्हीसीची, चौदा किलोंची होडी पसंत केली. कारण त्याचें पाणी धरणाच्या फुगवट्याचें, आणि रस्ता कांठापर्यंत जाणारा. निघतांना कोणत्या कांठावर उतरणार व दिवेलागणीपूर्वीं किती वाजतां परतणार, हें तो देवघराजवळच्या पाटीवर लिहून जातो. ही अट मातोश्रींची. त्यांचा प्रश्न व त्यांची पाटी, या दोन्ही गोष्टी आमच्या वाचकांनींहि आपल्या घरीं चालू कराव्या, अशी आमची विनंती आहे.